ड्रमला हळद लागली

माझं गाव साखरा, सेनगाव तालुक्यातलं, आन् आमी दोघी जुळ्या, जयवंता थोरली आन् मी शेवंता धाकटी. थोरली म्हनजे काय, तव्यावरची भाकर उलटायला जितका येळ लागतो तितकी थोरली, पन तेवढ्यावर ती आजबी माझ्यावर हुकूम चालविते. दिसायला आमी इतक्या एकसारख्या की सख्खी माय फसायची, मंग तिनं जयवंताच्या मनगटात काळा दोरा बांधला, आन् तो दोरा आमी खेळता खेळता एकमेकीच्या हातात घालायचो. एकदा जयवंताला ताप चढला आन् दोरा व्हता माझ्या हातात, मायनं मलाच धरलं, नाक दाबून कडू काढा पाजला, मी रडून सांगू लागली की माय मी न्हाई, मी न्हाई, तर माय म्हने तापातलं लेकरू असंच बडबडतं. आन् खरी तापलेली ती कोपऱ्यात गोधडीत गप पडलेली, काढा प्यावा लागू नये म्हनून गप. हे लिवून ठेवा ताई, पुढं कामी येईल.

शाळेचंबी आमचं तसंच. घरात पाटी एक, आन् एकीनं तरी शेरडं राखायलाच पाहिजे, मंग एक दिवस ती शाळेत, एक दिवस मी. गुरुजीला वाटायचं एकच पोरगी रोज येते आन् रोज आदल्या दिवशीचं इसरते. तिला जी अक्षरं यायची ती मला येत नव्हती, मला यायची ती तिला न्हाई, दोघी मिळून एक बाई शिकली असं समजा. राहिलेली अक्षरं मी पुढं हळदीच्या पोत्यांवरून जुळवली, एसटीच्या पाट्यांवरून, दुकानाच्या बोर्डावरून, कुनाला इचारलं न्हाई, इचारायची लाज वाटायची, आपनच ताडून बघायचं आन् बराबर निघालं तर ठेवायचं.

लगीन झालं तसं जयवंता गेली सिद्धेश्वरला, धरनाच्या कडेला, तिचे मालक जाळं टाकतात. मी आली नरसीकडं, आमचे मालक नामदेवाला येनाऱ्या लोकांसाठी रस्त्याच्या कडेला नारळ-फुलं घेऊन बसतात. आन् मी हळदीच्या कारखान्यात. पहिली कितीतरी वर्सं बाहेरच्या पटांगनात व्हती. वाफेवर शिजलेली हळद उन्हात पसरायची, पायानं फिरवायची, पुन्हा पसरायची, काय सांगू तुमाला, फागुन-चैताचं ऊन वरून आन् शिजल्या हळदीची आग खालून, तळपायाची कातडी जाड होऊन पडून जायची आन् पुन्हा नवी यायची. मंग मला आत घेतलं, पॉलिशच्या ड्रमवर. वाळलेलं हळकुंड वरून काळपट, खरबरीत असतं, ते जाळीच्या मोठ्या ड्रममधी टाकायचं, ड्रम फिरतो, हळकुंडं एकमेकाला घासतात, साल गळून जाते आन् आतून सोन्यागत पिवळा रंग येतो. त्या रंगावर भाव ठरतो. आमच्या जिल्ह्यात पिवळं म्हनजे चांगलं, मंग ते पोत्यातलं असो का नवरीच्या गालावरचं.

आता मुद्द्याचं सांगते. गेल्या हंगामाच्या आधी कंपनीनं नवीन कारभार आनला. सायबानं सगळ्यांना उभं केलं आन् म्हनले, मशीनी त्याच, पन आता हरेक मशीनचा एक डिजिटल ट्विन राहनार, तो पडद्यावर चालनार, आन् ज्याला तो पडदा सांभाळता येईल तोच आत राहील, न येईल त्यानं पुन्हा पटांगनात जायचं. एवढं सांगून सायेब गेले. माझ्या बाजूला लंका उभी व्हती, आमच्या वस्तीतली, वयानं माझ्या लेकीएवढी पन तोंडानं माझ्या सासूएवढी. ती म्हने मावशी, चप्पल नवीन घ्या आता, पटांगन तापायला लागलं. मी म्हनलं गप बस, मी काही पुन्हा उन्हात जात न्हाई. सगळ्यांसमोर म्हनली खरी, पन ट्विन म्हनजे काय ते कुठं ठाऊक व्हतं.

शिकवायला वृषाली म्याडम आल्या, लातूरच्या, वयानं लहान, पन बोलनं असं सावकाश की ऐकू वाटावं. त्या म्हनल्या ट्विन म्हनजे जुळं. हा लोखंडाचा ड्रम आन् हे पडद्यावरचं त्याचं जुळं. खऱ्या ड्रमला जागोजाग सेन्सर लावलेत, ते बघा, टिकलीएवढे, त्याची थरथर, गरमी, फिरन्याची चाल सगळं तिथून पडद्यात येतं, खरा ड्रम जसा असंल तसंच जुळं दिसंल, आन् पुढं काय व्हनार तेबी ह्याच्यावर आधी करून बघता येतं. मी हात वर केला, म्हनलं म्याडम, दोघात थोरलं कोन. बाया हासल्या. म्याडम न्हाई हासल्या, इचार करून म्हनल्या, लोखंडाचा थोरला, पडद्यावरचा धाकटा. म्हनलं मंग बराबर हाय, मीबी धाकटीच हाय, माझी थोरली सिद्धेश्वरला हाय, तोंड एक असून मला तिच्या पोटातलं काही कळत न्हाई. म्याडम म्हनल्या, म्हनूनच सेन्सर लावलेत, आन् सेन्सरला जे कळत न्हाई ते तुमी सांगायचं.

मंग त्यांनी रंग सांगितले. ड्रम हिरवा दिसला तर चांगला, लाल झाला तर धोका, आन् मधी पिवळा आला तर लक्ष द्यायचं. आन् अर्धी पाळी झाली की पडद्यातून बाईचा आवाज यायचा, मशीनला काही तकलीफ आहे का, तेव्हा तोंडानं सांगायचं, पडद्याला ऐकू जातं. आमी सगळ्या माना डोलावल्या. मान डोलवायला काय लागतं.

आमच्यासंगं रफीकभाईबी शिकायला बसायचे, मशीनीचे जुने मिस्तरी, ग्रीसचे डाग पडलेला तोच एक शर्ट. ते म्हनायचे, शेवंताबाई, मेरेको मोबाईल में फोटो भेजना नहीं आता, ये जुळं कैसे पालूंगा. मी म्हनलं भाईजान, मला तर मोबाईलमधी अक्षरं अर्धीच येतात, चला दोघं मिळून एक मानूस करू.

हंगाम सुरू झाला, कारखान्याच्या दारात हळदीच्या गाड्यांची रांग. आन् एक दिवस काय झालं, दुपारच्याला लंका वरडली मावशी मावशी हिकडं या, पडद्यावर बघा. बघते तर आमच्या ड्रमच्या एका कडेला पिवळा रंग आलेला, गालाला बोट लावावं तसा. लंका म्हने बगा, ड्रमला हळद लागली. अशा हासलो आमी. दुसऱ्या ड्रमवरच्या बायाबी बघायला आल्या, म्हनल्या आमचं जुळं अजून हिरवंच, तुमचं पिवळं कसं, आमी म्हनलं नजर लावू नका, आमचा माल चांगला उतरून राहिला म्हनून रंग चढला. एकीनं तर हळदीचं गानं सुरू केलं. म्याडमनं सांगितलं व्हतं ना पिवळं झालं की लक्ष द्या, मंग आमी लक्ष देऊनच व्हतो की, सगळ्या उभ्या राहून बघून राहिलो व्हतो, रंग हळूहळू पसरला, दुसऱ्या गालाला लागला. तेवढ्यात पडद्यातली बाई बोलली, मशीनला काही तकलीफ आहे का. लंका म्हनली न्हाई बाई, सगळं बराबर हाय, तुमी जेवल्या का.

आता तुमी हासून राहिल्या, पन सांगा, आमच्यात कोनी इचारलं कसं हाय, तर काय म्हनतात. पाय मोडलेला असला तरी बराबरच हाय म्हनतात. पावन्यानं इचारलं आन् आपन रडगानं सुरू केलं असं असतं का.

थोड्या येळानं ड्रम असा किंचाळला की हातातली टोपली पडली. आन् थांबला. रफीकभाई पळत आले, ड्रमच्या कडेला हात लावला आन् झटक्यानं मागं घेतला. बेअरिंग जाम झालं व्हतं, ग्रीसमधी हळदीचा भुसा जाऊन त्याचा लगदा झाला व्हता, तापून तापून धरून बसलं. कुनाला लागलं न्हाई हे नशीब. पन ड्रम बंद, बाहेर गाड्या उभ्या, गाडीवाले वरडून राहिले.

सायेब आले. त्यांनी म्याडमला इचारलं, तुमच्या पडद्यानं सांगितलं न्हाई का. म्याडमनं मागचं चालवून दाखवलं, पडद्यानं चांगलं घंटाभर आधी सांगितलं व्हतं, पिवळं होऊन व्हतं, आन् इचारलंबी व्हतं. आन् मंग लंकाचा आवाज आला, सगळं बराबर हाय, तुमी जेवल्या का. मागं हळदीचं गानं. कोनी हासलं न्हाई. सायेब म्हनले ह्या बायांचं काम न्हाई हे, ड्रम दुरुस्त झाला की पडद्यावर शिकलेली पोरं आनू, ह्यांना पटांगनात पाठवा.

मला वाटलं तळपाय आत्ताच भाजले. पन म्याडम म्हनल्या सर, ड्रम चालू व्हईस्तोवर येळ हाय, जुळं तर चालू हाय, ह्यांना त्याच्यावर शिकू द्या आन् तुमी सोता परीक्षा घ्या. सायेब म्हनले बघू.

मंग म्याडम आमच्यात येऊन बसल्या. म्हनल्या, काहून सांगितलं न्हाई. मी म्हनलं म्याडम, आमाला पिवळं बघून आनंद झाला. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मंग खिडकीतून बाहेर बघितलं, पटांगनभर पिवळी हळद पसरलेली, मंग कपाळाला हात लावून हासल्या. म्हनल्या हे माझ्या डोक्यात आलंच न्हाई, आपन रंग बदलू, कोनता रंग दिसला की तुमाला भेव वाटंल. झालं, बाया भांडायला लागल्या. एक म्हने निळा ठेवा, मार लागल्यावर अंग निळं पडतं तसा. लंका म्हने निळा न्हाई, निळा आमचा हाय, जयंतीला गल्लीभर लावतो, निळ्याला भ्यायचं व्हय. दुसरी म्हने भगवा, तर तिसरी तिच्या अंगावर गेली. काळा म्हनलं तर पडद्यावर दिसत न्हाई. रफीकभाई म्हने हरा तो मत छेडो, हरा बराबर है.

मी ऐकून राहिली आन् मला वाटलं, हे काही खरं न्हाई. मी म्हनलं म्याडम, उद्या बॉयलरलाबी असंच जुळं येनार, परवा दळनाच्या चक्कीला येनार, लंका नांदेडच्या कारखान्यात कामाला गेली तर तिथंबी येनार, तिथं पिवळ्याचा अर्थ काय राहील. म्याडम म्हनल्या हाच, लक्ष द्या. म्हनलं मंग पिवळं राहू द्या. पोत्यातलं पिवळं येगळं आन् पडद्यावरचं पिवळं येगळं, एवढं आमीच शिकू. आमच्यासाठी कुठकुठं रंग बदलत बसाल. लंका म्हने मावशी, तुमी पुढारी झाल्या. म्हनलं व्हय, मला पटांगनात जायचं न्हाई म्हनून झाली.

दुसऱ्या दिवशी आमचा ड्रम दुरुस्तीला खोललेला, शिकवनं सुरू व्हायचं व्हतं, मंग मी सिद्धेश्वरला जयवंताकडं गेली. फोनवर आमचं दर दोन-चार दिवसाला बोलनं व्हायचं, कशी हायेस, बराबर हाय, तू कशी, बराबर हाय, ठेव मंग. दारात गेली तर जयवंता डाव्या हातानं भाकर थापून राहिली, उजवा हात प्लास्टरमधी गळ्यात बांधलेला. धरनाच्या पायरीवर शेवाळावरून पाय घसरला व्हता म्हने. मी म्हनलं कवा. तर म्हने झाले दिवस. म्हनलं अगं काल रात्री तू फोनवर बराबर हाय म्हनली. म्हने मंग काय सांगायचं, तू कामावर असते, ऐकून पळत येशील. आन् मंग तिनं माझ्याकडं बघितलं, म्हने आज कामाचा दिवस हाय, हंगाम हाय, तू हितं कशी. मी चुलीतलं लाकूड मागं सारलं. म्हने तुझं काम गेलं का. म्हनलं गेलं न्हाई, जाऊन राहिलं. म्हने मला काहून सांगितलं न्हाई.

काय सांगू ताई, आमी दोघी एकमेकीकडं बघून राहिलो, आरशात बघावं तसं. मला तो काळा दोरा आठवला. तिला ताप, आन् काढा मला. मी तिला ड्रमचं सगळं सांगितलं, हळद लागल्याचंबी सांगितलं, ती हासून हासून खाटेवर बसली, प्लास्टरचा हात पोटाशी धरून. मंग तिनं मला पिठाच्या हातानं ढकललं, म्हने ऊठ, पहिली गाडी धर आन् परत जा, शिकून घे, माझ्याजवळ बसून माझा हात काही जुळत न्हाई. थोरली ना, हुकूमच तो. पन मी भाकरी केल्याबिगर उठली न्हाई.

परत आली आन् मी त्या पडद्याला चिकटली. आधी आमी बटनाला हात लावायला भ्यायचो, काही मोडलं तर कोन भरंल. म्याडम म्हनल्या मोडा की, जुळं मोडल्यानं खरं मोडत न्हाई. मंग मी मोडलं. ड्रममधी माल जास्ती घातला, मोडलं. ग्रीस दिलंच न्हाई, मोडलं. पिवळं झालं तरी चालूच ठेवलं, लाल झालं, मोडलं. पहिल्या पहिल्यांदा पिवळं दिसलं की माझं तोंड आपनहून म्हनायचं बराबर हाय, आन् लंका मागून म्हनायची जेवल्या का. मंग मी मोठ्यानं म्हनायची सवय लावली, तकलीफ हाय, डाव्या कडंला गरमी हाय, चाल कमी केली, मिस्तरीला बोलवा. घरीबी म्हनायची. आमचे मालक म्हनले तुला काय झालं, डाव्या कडंला कुठं दुखतं. रफीकभाईनं मला बेअरिंग कुठं कसं बसतं ते दाखवलं आन् मी त्यांना पडद्यावरची रेघ वाचायला शिकवली, रेघ चढून राहिली म्हनजे गरमी चढून राहिली, एवढं साधं हाय, पन पहिल्यानं ती मुंग्यांची रांग वाटते. जी अक्षरं येत नव्हती ती म्याडमला इचारली. ह्या वयात इचारली, लाज ठेवली बाजूला.

परीक्षेला सायेब सोता खुर्ची घेऊन बसले. म्याडमनं जुळं चालू केलं, आधी कुनालाच सांगितलं न्हाई काय बिघडवनार. माझी पाळी आली. ड्रम हिरवा, हिरवा, आन् मंग उजव्या कडंला जरासं पिवळं. खोटं कशाला सांगू, बघून मनाला बरंच वाटलं, जन्माची सवय. पन मी म्हनली तकलीफ हाय, उजव्या कडंला. चाल कमी केली. रेघ उतरायला पाहिजे व्हती, उतरली न्हाई, चढूनच राहिली. हे मला शिकिवलेलं नव्हतं. मी ड्रम बंद केला आन् म्हनलं, ह्याच्यापुढचं मला कळत न्हाई, रफीकभाईला बोलवा. सायेब म्हनले, शेवंताबाई, अजून लाल कुठं झालं व्हतं, बंद काहून केला, हंगामात असा बंद करत बसाल तर माल कवा निघंल. मी म्हनलं सायेब, लाल झाल्यावर तो सोताच बंद पडतो, तेव्हा तिथं मी काय करनार. आन् जे मला कळत न्हाई ते चालू कशी ठेवू.

सायबानं म्याडमकडं बघितलं. म्याडम म्हनल्या, हेच करायचं व्हतं सर, मी मुद्दाम असं बिघडवलं व्हतं की चाल कमी करून सुटनार न्हाई. रफीकभाईनं पडद्यावर येऊन सांगितलं काय तपासायचं. सायेब उठले, खुर्ची सोताच बाजूला ठेवली आन् म्हनले, ठीक हाय, ड्रमवर ह्याच बाया राहू द्या.

दोघी-तिघींना न्हाई जमलं, त्या पटांगनात गेल्या, ते खोटं सांगनार न्हाई. त्यातल्या एकीला मी जेवनाच्या सुट्टीत बसवून शिकवून राहिली, पुढच्या येळी ती आत यायला पाहिजे. ती म्हनते माझ्या डोक्यात शिरत न्हाई, मी म्हनते माझ्या शिरलं, तुझ्या का न्हाई, मोड आधी, दहा डाव मोड, मंग बोल.

ह्या हंगामातबी ड्रमला हळद लागते अधूनमधून. कोनी गानं म्हनत न्हाई. लंका वरडते मावशी, लागली, आन् मी चाल कमी करते, रफीकभाई ग्रीसची बंदूक घेऊन येतात, भुसा पुसतात, आन् पुन्हा हिरवं. पडद्यातली बाई इचारते काही तकलीफ आहे का, आन् आमी आता जे असंल ते सांगतो. लंका शेवटी इचारतेच, जेवल्या का. म्याडम म्हनतात इचारू द्या, त्यानं काही बिघडत न्हाई.

जयवंताचं प्लास्टर निघालं. आता फोनवर आमचं बराबर हाय बंद. मी इचारते रंग सांग. ती म्हनते हिरवा, न्हाईतर म्हनते हिरव्यात जरासं पिवळं, मंग काय ते सांगते, हात गार पान्यात ठनकतो, मूठ वळत न्हाई, जाळं ओढवत न्हाई. मीबी सांगते, गुडघ्याचं, मालकाच्या खोकल्याचं. काल इचारलं तर म्हनली, पिवळा हाय गं शेवंता, आन् फोन ठेवला. काय झालं ते अजून सांगितलं न्हाई. म्हनून आज मी रजा टाकली, ड्रम लंकाच्या हवाली केला. तुमचं लिवून झालं का ताई, औंढ्याची गाडी यायची येळ झाली, तिथून पुढं सिद्धेश्वर. तुमचं घर हिरवं राहो, आन् कवा पिवळं झालं तर गप बसू नका, कुनाला तरी सांगा. जाते मी, तिनं लाल म्हनायची वाट नको बघायला.